परदेशांतील दीर्घ मुक्काम आणि आडवाटेचीं स्थळें

आठ दिवसांसाठीं लंडनला गेलेला मनुष्य परत येतो, तेव्हां त्याच्यापाशीं सांगण्यासारखें पुष्कळ असतें. राजवाडा, पार्लमेंट, टॉवर, ब्रिटिश म्यूझियम, सारें त्यानें पाहिलेलें असतें. उलट, त्याच शहरांत तीन वर्षें काढून आलेल्या मनुष्यास विचारावें, तर तो किंचित् ओशाळून सांगतो कीं, टॉवर पाहावयाचा राहूनच गेला. यांत नवल नाहीं. ज्याचे दिवस मोजके, तो प्रत्येक दिवसाचा हिशेब ठेवतो. ज्याच्यापुढें वर्षें पसरलेलीं आहेत, तो 'पाहूं पुढें केव्हां तरी' असें म्हणून स्वस्थ बसतो. काशींत जन्म काढून विश्वेश्वराचें दर्शन न घेतलेले लोकही असतातच.

परंतु प्रश्न एका टॉवरचा नाहीं. शिक्षणासाठीं गेलेला विद्यार्थी, नोकरीनिमित्त गेलेला इंजिनिअर, किंवा मुलीकडे सहा महिने राहावयास गेलेले वृद्ध आईवडील, या सर्वांच्या वांट्यास येणारा दिनक्रम पाहिला म्हणजे ध्यानांत येतें कीं, दीर्घ मुक्काम हा पुष्कळदां फार लहान जागेंत पार पडतो. बिऱ्हाड, कचेरी आणि वाण्याचें दुकान, या तीन खुंट्यांभोंवतीं दोन वर्षें गुंडाळलीं जातात. वृद्धांची स्थिति तर याहून बिकट. मुलगी व जांवई सकाळीं कामावर जातात, आणि मागें खिडकीपाशीं बसून दोघें जण ओळख नसलेल्या रस्त्याकडे पाहत राहतात. परदेश पाहिला असें म्हणावें, तर पाहिला तो एका खिडकींतून. परत आल्यावर त्या देशाबद्दल सांगावयाचें काय, तर थंडीबद्दल आणि महागाईबद्दल. ही हानि पैशानें मोजतां येत नाहीं, पण ती लहान नाहीं.

या हानीवर प्रसिद्ध स्थळें हा पुरेसा उपाय होत नाहीं. तीं चार रविवारांत पाहून संपतात आणि दर खेपेस तेथें जाण्यास खर्चही बराच येतो. शिवाय प्रसिद्ध स्थळाचें वर्णन आधींच इतकें कानांवर पडलेलें असतें कीं, तेथें मनुष्य पाहावयास न जातां पडताळून घ्यावयास जातो. आडवाटेच्या स्थळाचें तसें नाहीं. तें शोधावें लागतें. तें शोधतांना रस्ते पायाखालून जातात, चार लोकांशीं बोलणें होतें, आणि शोधणाऱ्याचा त्या भूमीशीं कांहीं संबंध जडतो. असें स्थळ यादींतून क्वचित् मिळतें. तें मिळतें मनांत एखादा प्रश्न बाळगून हिंडणाऱ्यास. आठ दिवसांच्या प्रवाशाजवळ असा प्रश्न घेऊन हिंडण्यास सवड नसते. दीर्घ मुक्कामाच्या प्रवाशाजवळ असते, आणि तेंच त्याचें खरें धन होय.

आरंभ प्रसिद्ध स्थळांच्या शेजारींच करतां येतो. लंडनांतील सेंट पॉलच्या मंदिरासमोर प्रवाशांची रीघ लागलेली असते. तेथून पांच-सात मिनिटांच्या अंतरावर 'पोस्टमन्स पार्क' नांवाची एक लहानशी बाग आहे. चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स यांच्या कल्पनेंतून १९०० सालीं या बागेंत एक पडवी उभी राहिली, आणि तिच्या भिंतीवर चिनी मातीचे फलक बसविले गेले. दुसऱ्याचा जीव वांचवितांना ज्या सामान्य स्त्रीपुरुषांनीं आपला जीव गमावला, त्यांचीं नांवें व त्यांचें कृत्य तेथें दोन-दोन, तीन-तीन ओळींत लिहिलेलें आहे. ॲलिस एअर्स नांवाची मजुराची मुलगी १८८५ सालीं जळत्या घरांतून तीन मुलांना वांचवून स्वतः मरण पावली, हें त्यांपैकींच एका फलकावरून समजतें. मोठमोठ्या सेनापतींच्या समाधि मंदिरांत आहेत. ॲलिसचें नांव या पडवींत आहे. दोन्ही पाहिल्यावांचून त्या शहराची ओळख पुरी होत नाहीं.

ज्याचा जो धंदा, तोही उत्तम वाटाड्या ठरतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें साउथवर्कमधील सेंट टॉमस चर्चच्या माळ्यावर चढून जावें. तेथें १८२२ सालचें शस्त्रक्रियागृह आहे. भूल देण्याची विद्या निघण्यापूर्वीं रोग्यास लांकडी मेजावर धरून ठेवीत आणि भोंवतालच्या पायऱ्यांवर उभे राहून विद्यार्थी तें पाहत. पुढें हा माळा बंद पडला, विस्मृतींत गेला, आणि १९५६ नंतर पुन्हां उजेडांत आला. इंजिनिअरास टेम्सच्या दक्षिण तीरावरील क्रॉसनेस येथील पंपगृह पाहून समाधान वाटेल. १८५८ च्या उन्हाळ्यांत टेम्सच्या दुर्गंधीनें पार्लमेंटचें काम चालणें कठीण झालें. तेव्हां जोसेफ बॅझलजेट यांनीं सबंध शहराखालून मैलामैलांचीं गटारें बांधलीं, आणि त्यांतील मैलापाणी वर उचलण्यासाठीं १८६५ सालीं येथें चार प्रचंड वाफेचीं यंत्रें सुरू झालीं. ओतीव लोखंडाच्या नक्षीदार खांबांमध्यें हीं यंत्रें उभीं आहेत. मैल्याचें पाणी उपसण्याच्या जागेवर इतकी कलाकुसर कां केली असेल, हा प्रश्न घेऊन जो परत येतो, त्यास व्हिक्टोरिया राणीचा काळ दहा पुस्तकांपेक्षां अधिक कळलेला असतो. विधिज्ञ वा अर्थशास्त्राचा अभ्यासी असेल, तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सपासून हांकेच्या अंतरावर सर जॉन सोन या वास्तुशिल्पकाराचें घर आहे. घर व संग्रह जसाच्या तसा ठेवावा, असा कायदा त्यानें १८३३ सालीं पार्लमेंटकडून करून घेतला, आणि १८३७ सालीं तो वारला. तें घर आजही विनामूल्य पाहतां येतें.

महाराष्ट्रांतून गेलेल्या मनुष्यास लंडनांत आणखी एक धागा हातीं लागतो, आणि तो एका कालव्याच्या कांठानें जातो. प्रसिद्ध व्यक्तींच्या राहत्या घरांवर स्मृतिफलक लावण्याची पद्धत त्या शहरांत १८६६ पासून आहे. मेडा व्हेल भागांतील हावली प्लेस नांवाच्या शांत रस्त्यावर १० क्रमांकाच्या घरावर असा एक फलक आहे. १९१८-१९ सालीं लोकमान्य टिळक या घरांत राहत होते. चिरोलवरील खटल्यासाठीं ते विलायतेस गेले. १९१९ च्या फेब्रुवारींत निकाल विरुद्ध लागला. तरी ते लगेच परतले नाहींत. हिंदी स्वराज्याची बाजू तेथील लोकांपुढें मांडण्यासाठीं त्यांनीं मुक्काम लांबविला. लोकमान्यांचा हा काळ पुस्तकांतून पुष्कळांनीं वाचलेला असतो. परंतु तो रस्ता पाहिल्यावर साठी ओलांडलेला, मधुमेहानें गांजलेला तो वृद्ध पुरुष तेथल्या हिंवाळ्यांत सकाळीं दार उघडून बाहेर पडत असेल, हें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें.

या घरापासून थोड्या पावलांवर रीजंट्स कालवा लागतो. १८२० सालीं हा कालवा टेम्सपर्यंत पुरा झाला. कोळसा, लांकूड आणि धान्य वाहणारे पडाव कांठावरून घोडे ओढीत असत. मेडा हिलच्या पोटांतून कालवा भुयारांतून जातो. तेथें घोड्यांस वाट नाहीं, म्हणून खलाशी पडावावर आडवे पडून भुयाराच्या भिंतीवर पाय रोवीत आणि पडाव पुढें ढकलीत. आजचा पादचारीही तेवढा भाग वरच्या रस्त्यानें ओलांडतो व पुन्हां पाण्यापाशीं उतरतो. पुढें रीजंट्स पार्कच्या कडेस मॅकल्सफील्ड पूल येतो. २ ऑक्टोबर १८७४ रोजीं पहांटे बंदुकीच्या दारूनें भरलेला एक पडाव या पुलाखालीं उडाला. त्यावरील माणसें मेलीं व पूल कोसळला. लोखंडी खांब मात्र शाबूत राहिले, आणि पूल पुन्हां बांधतांना ते फिरवून बसविले गेले. घोड्यांच्या दोरांनीं घासून पडलेल्या खांचा म्हणूनच त्या खांबांच्या दोन्ही अंगांस दिसतात. एका बाजूच्या स्फोटापूर्वींच्या, दुसऱ्या बाजूच्या नंतरच्या. लोखंडाला दोरानें पडलेली ही खांच बोटानें चांचपून पाहावी. किती घोडे, किती वर्षें त्या वाटेनें गेले असतील, याचा अंदाज बोटालाच येतो.

कालवा तसाच प्राणिसंग्रहालयाच्या बाजूनें पुढें जातो. तेथून वर चढलें म्हणजे प्रिमरोझ हिल ही टेकडी लागते. टेकडीच्या माथ्यावरून सारें शहर खालीं पसरलेलें दिसतें. पलीकडे उतरलें कीं किंग हेन्रीज रोड. या रस्त्यावरील १० क्रमांकाच्या घरांत १९२१-२२ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी म्हणून राहत होते. बडोदें संस्थानची शिष्यवृत्ति संपल्यामुळें अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठीं, पदरची शिल्लक व उसने पैसे घेऊन, ते १९२० सालीं पुन्हां लंडनला आले होते. 'रुपयाचा प्रश्न' हा त्यांचा प्रबंध याच काळांतील. २०१५ सालीं महाराष्ट्र शासनानें हें घर विकत घेतलें आणि तेथें त्यांचें स्मारक केलें. लोकमान्यांच्या घरापासून बाबासाहेबांच्या घरापर्यंत ही वाट पायीं तासा-सव्वातासाची आहे. दोघांच्या तेथील मुक्कामांत अंतर अवघें दोन-तीन वर्षांचें. मार्ग निराळे, प्रश्न निराळे, आणि मतभेदही खोल. तरी एका कालव्याच्या कांठानें दोन्ही उंबऱ्यांशीं जाऊन येणारा मराठी मनुष्य त्या सव्वा तासांत विचार करीत चालतो. कोणत्याही प्रवासी कंपनीच्या मोटारगाडींतून ही वाट दाखविली जात नाहीं. पाहण्यासारख्या स्थळांच्या सर्वसाधारण यादींतही तिचें नांव आढळत नाहीं.

शहर ओलांडून बाहेर पडावयाचें, तर इंग्लंडमध्यें एक मोठी सोय आहे. तेथील शेतांतून, कुरणांतून, रानांतून जाणाऱ्या पाऊलवाटांवर जनतेचा चालण्याचा हक्क कायद्यानें मान्य केलेला आहे. जमीन खाजगी असली, तरी वाट सर्वांची. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मालकीच्या संस्थेच्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशांवर या वाटा हिरव्या तुटक रेषांनीं दाखविलेल्या असतात. विहिरी, जुनीं चर्चें, पवनचक्क्या, पडक्या गढ्या, सारें त्यावर नोंदलेलें असतें. असा एखादा नकाशा घेऊन संध्याकाळीं दिवाणखान्यांत पसरावा आणि 'हें काय असावें?' असें ज्या खुणेविषयीं वाटेल, तेथें पुढच्या रविवारीं जावें. थर्मासमध्यें चहा, डब्यांत पोळीभाजी आणि पायांत चिखलाला न भिणारे जोडे, एवढी तयारी पुरेशी होते.

अशा नकाशावर ऑक्सफर्डशायरमध्यें, चिल्टर्न टेकड्यांवर, स्टोक रो नांवाचें लहान खेडें सांपडतें, आणि त्यांत 'महाराजाचा आड' अशा अर्थाची नोंद दिसते. इंग्लंडच्या खेड्यांत महाराजा कोठून आला, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. चिल्टर्नची जमीन खडूच्या दगडाची; पावसाचें पाणी तींत खोलवर मुरून जातें आणि वरचे लोक कोरडे राहतात. एडवर्ड अँडर्डन रीड हे त्या भागांतले गृहस्थ हिंदुस्थानांत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि १८३१ सालीं त्यांनीं आझमगढ येथें लोकांसाठीं एक विहीर खणविली होती. आपल्या गांवाकडे घरांतलें शेवटचें पाणी पिऊन टाकल्याबद्दल एका मुलास कसा मार बसला, ही गोष्ट त्यांनीं काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांस सांगितली होती. ती महाराजांच्या ध्यानांत राहिली, आणि त्यांनीं स्टोक रो येथें आड खणण्यासाठीं पैसा दिला. १८६४ सालीं तो लोकांसाठीं खुला झाला. रुंदी अवघी चार फूट आणि खोली ३६८ फूट. म्हणजे सेंट पॉलचें मंदिर क्रुसासकट उलटें करून आंत सोडलें, तरी तें उंचीनें थोडें कमीच पडेल. हें सर्व माणसांनीं हातांनीं खणलें. वर घुमट, खालीं लोखंडी खांब, रहाटाच्या यंत्रावर सोनेरी हत्ती, आणि शेजारीं 'ईश्री बाग' नांवाची चेरींची बाग.

हिंदुस्थानांतून संपत्ति विलायतेस गेली, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. दादाभाई नौरोजींनीं तिचा हिशेबच मांडला. त्याच काळांत काशीहून एका इंग्रजी खेड्यास पाण्याचें दान गेलें, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक आहे. जिंकलेल्या देशाच्या राजानें जिंकणाऱ्यांच्या देशांतील तहानलेल्या गरिबांकडे पाहिलें, यांत त्याचें राजकारण किती आणि करुणा किती, हें प्रत्येकानें त्या आडाच्या कठड्याशीं उभें राहून ठरवावें. सांगली-सोलापूरकडच्या कोरडवाहू गांवांत जो वाढला, त्याला त्या कठड्यापाशीं कोणी वेगळें सांगावें लागत नाहीं. हंडाभर पाण्याची किंमत त्यानें घरींच पाहिलेली असते. पुढें खेड्यांत नळ आले. आड मात्र नीट जपून ठेवलेला आहे.

दुसरी वाट दक्षिणेकडे, ब्रायटनकडे जाते. ब्रायटनचा समुद्र आणि तेथील घुमटांचा राजविलास पाहावयास सर्वच जातात. पहिल्या महायुद्धांत, १९१४ पासून १९१६ च्या आरंभापर्यंत, फ्रान्सच्या रणांगणावर जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठीं या राजविलासाचें रुग्णालय केलें होतें. निरनिराळ्या धर्माजातींसाठीं वेगवेगळीं स्वयंपाकघरेंही होतीं. जे हिंदु व शीख शिपाई तेथें वारले, त्यांपैकीं त्रेपन्न जणांचें दहन शहराबाहेर, पॅचमच्या माळावर झालें, आणि रक्षा समुद्रांत सोडली गेली. दहनाच्या जागीं १ फेब्रुवारी १९२१ रोजीं पांढऱ्या संगमरवराची एक छत्री उभी राहिली. तिचें नांवही इंग्रजींत 'छत्री' असेंच आहे. तेथें मोटार जात नाहीं. गवताळ उतारावरून मैलभर चालावें लागतें. वारा सारखा सुटलेला असतो, लांबवर समुद्राची रेघ दिसते, आणि मध्येंच तो घुमट पुढें येतो. छत्रीजवळच्या दगडी फलकावर त्या त्रेपन्न जणांचीं नांवें कोरलेलीं आहेत. हा फलक उभा राहण्यास मात्र २०१० साल उजाडावें लागलें. दरसाल जून महिन्यांत तेथें स्मरणाचा समारंभ होतो. एरवीं त्या माळावर मनुष्य क्वचितच दिसतो. घरापासून दूर एकट्यानें दिवस काढणाऱ्या विद्यार्थ्यास, तेथें जाऊन ती नांवें एकेक करून मोठ्यानें वाचलीं असतां, आपल्या एकटेपणाचें माप कळतें.

आडवाटेनें हिंडणाऱ्यानें कांहीं पथ्यें पाळावयास हवींत. हावली प्लेसचें घर खाजगी आहे. फलक रस्त्यावरून पाहावा, नमस्कार करावा आणि पुढें जावें. कोणाची घंटा वाजवूं नये. क्रॉसनेससारखीं स्थळें ठराविक दिवशींच उघडतात, तेव्हां आधीं चौकशी करून निघावें. सप्टेंबर महिन्यांत तेथें पुष्कळ एरवीं बंद असलेल्या इमारती लोकांसाठीं उघडतात; ते दिवस चुकवूं नयेत. शेतांतून जातांना फाटक जसें असेल तसें ठेवावें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे लोकांस विचारावें. इंग्रज मनुष्य गाडींत शेजारीं बसून तासभर बोलत नाहीं हें खरें; पण त्याच्या गांवच्या चर्चबद्दल किंवा जुन्या पुलाबद्दल कोणी आस्थेनें विचारलें, तर तोच मनुष्य हातांतलें काम टाकून बरोबर चालूं लागतो. मोहल्ल्याच्या वाचनालयांत स्थानिक इतिहासाचें एखादें कपाट असतेंच. ज्या वृद्धांस लांब जाणें झेंपत नाहीं, त्यांच्यासाठीं हें वाचनालय आणि घरापासून अर्ध्या तासाच्या चारी दिशा, एवढेंही क्षेत्र पुष्कळ आहे. रोज एक नवी गल्ली चालून पाहिली, तरी सहा महिन्यांत खिडकीबाहेरचा रस्ता अनोळखी राहत नाहीं. कधीं कधीं दोन तास चालून कांहींच हातीं लागत नाहीं. स्थळ अप्रसिद्ध असतें तें पुष्कळदां योग्य कारणानेंच. तो दिवसही फुकट गेला असें समजूं नये. वाट तरी कळली.

ही रीति एका इंग्लंडपुरती नाहीं. इटलींतील फ्लॉरेन्स येथें चित्रें पाहावयास जगांतून लोक येतात. त्या शहराच्या पश्चिम टोंकास, काशिने नांवाच्या लांबलचक उद्यानाच्या शेवटीं, आर्नो व मुन्योने या नद्यांचा संगम आहे. तेथें एक छत्री आहे, आणि तिच्याखालीं एका तरुण हिंदी राजाचा अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज. इंग्लंडचा प्रवास आटोपून स्वदेशीं परततांना ३० नोव्हेंबर १८७० रोजीं, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षीं, ते फ्लॉरेन्स येथें वारले आणि त्यांचें दहन या संगमावर झालें. १८७४ सालीं तेथें स्मारक उभें राहिलें. त्या प्रवासांत महाराजांनीं ठेवलेली रोजनिशी १८७२ सालीं छापली गेली. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेस 'इंदियानो' म्हणतात. शेजारून गेलेल्या नव्या पुलासही तेंच नांव पडलें आहे. रोज हजारों गाड्या त्या पुलावरून जातात, आणि तो 'इंदियानो' कोण, हें बहुधा कोणी विचारीत नाहीं. पंचगंगेकांठचा एखादा विद्यार्थी त्या शहरांत वर्षभर राहून गेला आणि त्या संगमावर गेला नाहीं, तर दोष त्याच्या बुद्धीचा नाहीं. कोणी त्यास सांगितलेलें नसतें, आणि त्यानेंही कोणास विचारलेलें नसतें.

म्हणून दूरदेशीं दीर्घकाळ राहावयास निघणाऱ्यानें सामानांत एक कोरी वही अवश्य ठेवावी. पाहिलेल्या स्थळांची यादी करण्यापेक्षां मनांत आलेले प्रश्न तींत लिहावेत. या पुलास हें नांव कां, या गांवांत पाणी कोठून येतें, आपल्याकडचा कोण येथें येऊन गेला, तो कोठें राहिला, कोठें मेला. एकेक प्रश्न एकेका रविवारास पुरतो, आणि एकाचें उत्तर मिळतें न मिळतें तोंच दुसरा उभा राहतो. मुक्काम संपेल, तेव्हां वही भरलेली असेल आणि टॉवर कदाचित् राहूनही गेलेला असेल. त्याबद्दल फारसें वाईट वाटून घेण्याचें कारण नाहीं. टॉवर पाहून आलेले लोक गांवोगांव भेटतात.